कमलबाईची येळवस

मी एस.टी.त कंडक्टर होतो. लोहारा-तुळजापूर गाडीवर उभं आयुष्य गेलं. आता पेन्शन खातो, दोन एकर रान बघतो आणि येता-जाता लोकांना सांगतो, की मी कुणाच्या मिंध्यात नाही. हे वाक्य आमच्या गावात निम्मे लोक रोज म्हणतात. धोंडीबा म्हणतो, कारण त्याच्या दारात ट्रॅक्टर आहे. मागच्या पंचायतीला अपक्ष उभा राहिलेला गडी प्रचारभर हेच म्हणत होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो धोंडीबाच्या ओसरीवर चहा पिताना दिसला. पुण्याला गेलेली पोरंही म्हणतात आणि सुगी झाली की ज्वारीचं पोतं पाठवा म्हणून फोन करतात. कमलबाई हे कधी म्हणाली नाही. तिनं ते करून बघायचं ठरवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

कमलबाई ही धोंडीबाची धाकटी भावजय. नवरा जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. वाट्याचं अडीच एकर तिच्या नावावर, पण कसायचा धोंडीबा. पेरणी त्याची, रास त्याची, आणि सुगीनंतर तिच्या दारात पोती उतरवायचाही तोच. किती पिकलं हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. धोंडीबा लबाड माणूस नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. तिच्या पोराला, इंद्रजितला, त्यानं शिकवलं, त्याच्या लग्नात बापाच्या जागी उभा राहिला. फक्त त्याला असं वाटतं, की शिवारात जे काही हिरवं आहे ते त्याला विचारून उगवतं.

मागच्या वर्षी कमलबाईचा नातू पुण्याहून आला होता. त्याला हरभऱ्याचे डहाळे खायचे होते. आजी त्याला हाताला धरून रानात घेऊन गेली आणि आपल्याच वावरातला एक डहाळा तिनं उपटला. तेवढ्यात धोंडीबाचा सालगडी बांधावरून ओरडला, "ए म्हातारे, मालकाला इचारलंस का?" गडी नवा होता, कर्नाटकातून आलेला. त्याला कोण कुणाची काय ठाऊक! पण नातवानं विचारलं, "आजी, हे शेत आपलं नाही का?" कमलबाईनं डहाळा त्याच्या हातात दिला आणि त्याला घेऊन घराकडं वळली. माझं रान दोघांच्या रानाला लागून आहे, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती धोंडीबाच्या ओसरीवर गेली. मी तिथंच होतो. ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली आणि म्हणाली, "भावजी, औंदा माझं रान म्या करते."

धोंडीबा आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई चेष्टा करत नाही. "आमचं काय चुकलं?" त्यानं विचारलं.

"तुमचं काय बी चुकलं न्हाय."

"मग कुणी कान भरले?"

"कुणी न्हाय. मलाच वाटलं."

बाईमाणसाला स्वतःला काही वाटू शकतं, ही गोष्ट धोंडीबाला पचायला जरा जड गेली. तो तापला. रान कसणं म्हणजे भाकरी थापणं नव्हं, म्हणाला. पोरगं पुण्यात, नवरा गेलेला, आणि ही वेगळी निघणार! शेवटी ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कर. पर येळवसला तुज्या कोपीवर पंगत बसली तर रान तुजं. पंगत न्हाय बसली, तर उन्हाळ्यात नांगर माजा. हाय कबूल?"

"हाय," कमलबाई म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

इथं येळवशीबद्दल सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जातं. गावात चिटपाखरू राहत नाही. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानातल्या सगळ्या शेंगा, दाणे, पाले एकत्र शिजवलेलं ते कालवण. कुणाच्या तुरीच्या शेंगा, कुणाचा वाटाणा, कुणाची बोरं अशी देवघेव आदल्या दिवशी घरोघर चालते. आणि त्या दिवशी कुणी आपल्याच कोपीवर जेवून थांबत नाही, दुसऱ्याच्या कोपीवर दोन घास खावेच लागतात. ज्याच्या कोपीवर कुणी फिरकलं नाही, तो माणूस गावातून उठला असं समजतात. धोंडीबानं शर्त घालताना हे बरोबर हेरलं होतं.

कारण त्याच्या मनाविरुद्ध जेवायला जाणार कोण? कुणाची मळणी त्याच्या यंत्रावर, कुणाची पाण्याची पाळी त्याच्या विहिरीवर. माझ्या रानात जायची वाट त्याच्या वावरातून जाते. मी कुणाच्या मिंध्यात नाही, हे वर सांगितलंच आहे.

कमलबाईनं पेरलं. ट्रॅक्टर मागायला गेली नाही. पलीकडच्या गावातून बैलजोडी आणली, निम्म्यात हरभरा आणि निम्म्यात शाळू टाकला. खुरपायला बायकांबरोबर स्वतः बसायची. हरभरा चांगला आला. धोंडीबापेक्षा चांगला, असं मी म्हणणार नाही, पण बांधावरून जाताना धोंडीबा त्याच्याकडं न बघता जायचा, यावरून काय ते समजा.

येळवशीच्या दोन दिवस आधी ताकाचं झालं. आंबिलीला ताक लागतं. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबवल्याशिवाय ती आंबील होत नाही. कमलबाईकडं दुभतं नव्हतं. धोंडीबाची बायको कस्तुराबाई दरवर्षी तिला ताकाची कळशी पाठवायची, तशी यंदाही पाठवली. नवऱ्याला विचारून पाठवली असेल असं वाटत नाही. पण कमलबाईनं कळशी तशीच माघारी धाडली. "आक्काला म्हनावं, औंदा माझं म्या बघते."

आमच्याकडं ताक विकत नाहीत आणि दारात आलेलं ताक परतवतही नाहीत. ते परतवलं म्हणजे दार लावलं. माझी बायको शिवकांता हे ऐकून कपाळावर हात मारून म्हणाली, "भांडान दिराशी, आन् ताक जावंचं परत! सुक्यासंगं ओलं बी जाळलं की हिनं." कस्तुराबाई मात्र काही बोलली नाही. तिनं कळशी घेतली आणि ताक वासरापुढं ओतलं. ती काही बोलत नाहीच. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याला विचारल्याशिवाय ती शेजारच्या आळीतसुद्धा गेली नाही, असं तिच्याबद्दल गावात कौतुकानं सांगतात.

मग कमलबाई माझ्याकडं आली. "कंडक्टर भाऊ, लोहाऱ्याला जायलाव तर ताक आना. पिशवीतलं मिळतंय म्हन." मी आणलं. चांगल्या थंडगार पिशव्या बघून आणल्या. त्या मसाला ताकाच्या होत्या हे मला कसं कळणार? ताक म्हणजे ताक. जिरं, मीठ, पुदिना घातलेलं ताक लोक विकत घेत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कमलबाईनंही वास घेतला नसावा, कारण तिनं ते पिठात घालून शिजवून टाकलं. सकाळी बिंदगीचं, म्हणजे आंबिलीच्या मडक्याचं, झाकण काढलं तर आंबील आंबलेलीच नव्हती, आणि वास यायचा तो पाणीपुरीच्या गाड्यासारखा. दुसरं करायला वेळ नव्हता. तिनं बिंदगीला हळदकुंकू लावलं आणि तीच रानात नेली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच सकाळी इंद्रजितचा फोन आला. कोपीभोवती आंबील शिंपडत फिरणं हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं काम, आणि ते करायला तो येणार होता. कमलबाई फोनवर बोलताना हात लांब धरून ओरडते, त्यामुळं आम्हाला दोन्हीकडचं ऐकू आलं. "आई, सुट्टीच दिली नाही बघ. तू व्हिडिओ कॉल कर, आम्ही इथून हात जोडतो. आणि कशाला एवढा खटाटोप करतेस? काकांना दे शेत, इकडं ये, आरामात राहा."

"कुणाकडं राहू?" कमलबाईनं विचारलं.

"म्हणजे काय, आमच्याकडं."

"तेच इचारलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपार झाली. धोंडीबाच्या कोपीवर जत्रा भरली होती. वडाच्या झाडासारखा त्याचा गोतावळा, शिवाय गाव. मीही तिथंच. शिवकांता घरून निघतानाच म्हणाली होती, "आधी कमलकडं जाऊ." मी म्हणालो, आधी धोंडीबाकडं तोंड दाखवू, मग बघू. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती, वाटेची. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला कशाची ना कशाची वाटत होती, आणि प्रत्येकजण भज्जीला नावाजत होता.

धोंडीबाचा फेरा आधीच झाला होता. आमच्यात असं आहे: कर्ता पुढं चालत, हिरव्या पाल्यानं आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे!" अशी हाक देतो आणि मागचे पुरुष "सालम पोलगे!" असा जबाब देतात. याचा अर्थ आमच्यात कुणालाच येत नाही. कानडी आहे म्हणतात. कानडी माणसाला विचारलं तर तो मराठी असेल म्हणतो. पण हाक दिली की जबाब आलाच पाहिजे. हाक रिकामी गेली तर ती उभ्या पिकाला लागते, असं जुनी माणसं मानतात.

आम्ही जेवत होतो. कस्तुराबाई वाढत होती. आणि बांधापलीकडून बाईचा आवाज आला, "ओलगे ओलगे!"

कमलबाई एकटी आपल्या कोपीभोवती फिरत होती. बिंदगी कमरेवर, हातात शाळूचं पाल्यासकट उपटलेलं हिरवं ताट. कोप लहान होती आणि जरा एका अंगाला कलली होती. तिच्या मागं कुणी नव्हतं.

पंगतीतली माणसं मान वळवून बघायला लागली. धोंडीबा म्हणाला, "जेवा, जेवा." आम्ही जेवायला लागलो. मी उंडा मोडून भज्जीत कालवला. विधवेनं फेरा घालावा का, बाईनं हाक द्यावी का, असं कुणीतरी हळूच बोललं. मला वाटलं, आता ती थांबेल. दुसरा फेरा सुरू झाला.

"ओलगे ओलगे!"

आवाज आता जरा बारीक झाला होता. ती चालत राहिली. आमच्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. तिसऱ्या फेऱ्याची हाक आली तेव्हा मी पत्रावळीकडं बघत होतो, आणि माझ्या शेजारचे सगळेही.

"सालम पोलगे!"

आवाज माझ्या डोक्यावरून आला. कस्तुराबाई भज्जीचं पातेलं हातात धरून उभी होती आणि तिनं इतक्या जोरात जबाब दिला होता, की बाभळीवरचे होले उडाले. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे गावाला पहिल्यांदा कळलं. तिलाही पहिल्यांदाच कळलं असावं.

धोंडीबाचा घास हातातच राहिला. "काय गं, याड लागलं का? बाया वरडत न्हाईत."

"हाक देनारी बी बाईच हाय की," कस्तुराबाई म्हणाली. तिनं पातेलं खाली ठेवलं, आपली आंबिलीची बिंदगी उचलून डोक्यावर घेतली आणि बांधाकडं चालू लागली.

"कुठं चाललीस?"

"जेवायला."

"इथं पंगत बसलीय, वाढायचं कुनी?"

ती थांबली. मला वाटलं, झालं, परत येणार. पण ती पातेल्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हातापशीच हाय," आणि गेली. बांधावरून उतरताना तिनं मोठ्यानं पुन्हा "सालम पोलगे" म्हटलं, कारण कमलबाईचा पुढचा फेरा सुरू झाला होता आणि तिचा आवाज आता परत मोठा झाला होता.

शिवकांता उठली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी उठल्या, मग बायकांची रांगच लागली. बघता बघता धोंडीबाच्या कोपीवर सगळे पुरुष उरले आणि समोर भरलेली पातेली. आणि मग अशी पंचाईत झाली, की भज्जीत मीठ कमी होतं आणि मीठ कुठं ठेवलंय हे एकालाही माहीत नव्हतं. धोंडीबानं पिशव्या उपसल्या, पाट्या उलथ्या केल्या. गुळाचा खडा सापडला, सुपाऱ्या सापडल्या, मीठ नाही. तालुक्यात ज्याच्या शब्दाला किंमत आहे तो माणूस कडब्यात हात घालून मीठ शोधत होता. मी मान खाली घालून हसलो. मग मलाच माझं हसू आवडलं नाही. मी उठलो, हात धुतले आणि बांध ओलांडला. वाट बंद केली तर केली.

कमलबाईच्या कोपीपुढं बायका बसल्या होत्या. कस्तुराबाईनं तिची आंबील वाटीत घेऊन तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "कमल," ती म्हणाली, "ही आंबील न्हाय गं. हे सरबत हाय."

"कंडक्टरनं आनलं ताक," कमलबाई म्हणाली. सगळ्या माझ्याकडं वळून हसल्या. मग कस्तुराबाईनं आपली बिंदगी पुढं सरकवली. "परवा वासराला पाजलं. आज तरी घे."

कमलबाई त्या बिंदगीकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते पदरानं पुसलं. "आक्का, म्या ताक परत धाडलं, तुमाला न्हाय," ती म्हणाली. "तुमचं घेतलं असतं तर समदे म्हनले असते, शेवटी आंबील धोंडीबाच्याच घरची."

"मला कळलं न्हाय व्हय?" कस्तुराबाई म्हणाली. "ह्ये ताक त्येंच्या घरचं न्हाय. म्हशीचं हाय. आन् म्हैस माझ्या माहेरची हाय."

कमलबाईनं वाटी पुढं केली. दोन्ही आंबिली पंगतीत फिरल्या. पुरुषही एकेक करून येत होते; कुणी म्हणालं घोटभर पाणी प्यायला आलो, कुणी म्हणालं बायकोला न्यायला आलो, आणि बसले. मला मसाल्याचीच वाढली. ती मी मुकाट्यानं संपवली.

सगळ्यात शेवटी धोंडीबा आला. बांधावर उभा राहून त्यानं आवाज दिला, "मीठ कुठं ठेवलंय?"

"पंगत हितं बसलीय," कस्तुराबाई म्हणाली. "मीठ बी हितंच हाय."

त्यानं बसलेली माणसं बघितली. ओसरीवर बोललेला शब्द त्याला आठवला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो परत फिरला असता तर आमच्यातला एकही त्याला थांबवणार नव्हता. पण धोंडीबा शब्दाचा पक्का आहे. तो खाली उतरला, पायताण काढून पंगतीच्या टोकाला बसला. कमलबाईनं त्याला वाढलं. त्यानं तिची आंबील एक घोट घेतली.

"आंबट न्हाय ही."

"न्हाय," कमलबाई म्हणाली. "पर माझी हाय."

तो वाटीभर प्याला. जेवण झाल्यावर हात धुऊन तो निघाला, हरभऱ्याच्या कडेकडेनं. दहा-अकरा वर्षांची सवय. चालता चालता तो वाकला आणि त्यानं घाट्यांनी लगडलेल्या डहाळ्याला हात घातला. हात तिथंच थांबला. मला वाटतं, त्याला त्या सालगड्याची गोष्ट कुणीतरी सांगितलेली असावी, किंवा नसेलही. तो तसाच वाकलेला राहिला आणि मान वळवून म्हणाला, "कमल, घेऊ का गं?"

कमलबाई हातात पातेलं धरून उभी होती. हा एक प्रश्न ऐकायला तिनं वर्षभर खुरपं धरलं होतं. तिनं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. धोंडीबा तसाच वाकून थांबला. त्याच्या वयाला ते सोपं नव्हतं.

"घ्या की भावजी," ती शेवटी म्हणाली. "येळवसला कुनी इचारतं व्हय?"

त्यानं एकच डहाळा उपटला आणि घाटे सोलत आपल्या बांधाकडं गेला.